आर्डिस झेअरने टायर बदलले

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की टग हिलच्या बर्फाळ डोंगरपठारावर पुरुष माणूस औषधालाही सापडत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बाई, पोस्टात बाई, शाळेची बस चालवायलाही बाई. बाप्ये सगळे नारिंगी जाकिटं घालून रानातल्या आपापल्या लाकडी खोपटांत जाऊन बसलेले. तिथे ते हरणं मारतात कमी आणि पत्ते कुटतात जास्त, हे बायकांना ठाऊक असतं, आणि बायकांना ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक असतं. आर्डिस झेअरची उभी हयात इथेच गेलेली. शिकारीच्या दिवसांचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. उलट नवरा रानात गेला की घर तेवढंच निवांत व्हायचं. यंदा मात्र तिचा नवरा मर्ल घरात होता आणि दीर लव्हर्न रानात होता. हाच लव्हर्न सप्टेंबरपासून सांगत आला होता, "टायरचं तू डोक्यातून काढून टाक, आर्डिस. मी आहे ना."

सप्टेंबरात त्याचं गवत गोळा करायचं राहिलं होतं. ऑक्टोबरात त्याच्या मेपलचा पाक करायच्या शेडचं छप्पर उडालं. नोव्हेंबर लागला तसा तो बंदूक साफ करायला बसला. आर्डिसने फोन केला तर म्हणाला, "थँक्सगिव्हिंगचा सण झाला की लगेच येतो."

"बर्फ तुझ्या थँक्सगिव्हिंगसाठी थांबणार आहे का?"

"अगं, हवा बघ की जरा बाहेर. लोक शर्टावर फिरतायत."

हवा छान होती हे खरं. पण पश्चिमेच्या समुद्राएवढ्या तळ्याकडून वारा फिरला की इथली हवा सकाळच्या कॉफीपासून दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकत नाही, हे लव्हर्नला कुणी शिकवायला नको होतं.

टायर हवे होते ते गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरला. आजवर या घराला बर्फाची काळजी करावी लागली नव्हती, कारण मर्ल म्हणजे बर्फाचाच माणूस. काउंटीचा बर्फ ढकलायचा अवाढव्य ट्रक त्याने निवृत्तीपर्यंत चालवला. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरासमोरून जाताना तो ट्रकचं पातं जरासं तिरकं करायचा, म्हणजे त्यांच्या वाटेच्या तोंडाशी ढिगारा साचायचा नाही. याबद्दल तो कधी बोलला नाही, पण ख्रिसमसला घरी केकांचे इतके डबे यायचे की आर्डिसला ठेवायला जागा पुरायची नाही. घरची वाट साफ करायला त्याचा स्वतःचा पिकअप होता, पुढे पातं लावलेला. पिकअपचा सांगाडा गंजून खलास झाला, तपासणीत नापास झाला, आणि यंदाच्या एप्रिलमध्येच एका सकाळी मर्ल न्याहारीच्या टेबलावर बसल्या बसल्या एका बाजूला कलला.

अर्धांगाच्या झटक्यातून तो वाचला. उजवा हात मात्र लोंबता राहिला, पाय ओढत चालू लागला आणि बोलणं सगळं विस्कटलं. म्हणजे शब्द गेले नव्हते, ते जागा बदलून बसले होते. दिवा चालू कर म्हणायचं असलं की तो बंद कर म्हणायचा. उजवीकडे म्हणजे डावीकडे, मीठ म्हणजे साखर, आणि एकदा तर त्याने आर्डिसला दिवसभर 'गॅरेज' अशी हाक मारली. आपण काहीतरी भलतंच बोललो हे त्याला बोलल्यावर कळायचं आणि मग तो टेबलावर डावी मूठ आपटायचा. आठवड्यातून दोनदा दवाखान्याची व्हॅन येऊन त्याला बोलायच्या सरावाला घेऊन जायची. व्हॅनचा चालक शांत, भला माणूस. त्याने ऑक्टोबरातच सांगून ठेवलं होतं, "मिसेस झेअर, तुमची वाट लांब आहे आणि चढाची आहे. साफ नसेल तर मला वर येता येणार नाही. आणि यांना बर्फातून खालपर्यंत चालवत आणायचं म्हणाल, तर तेही मी करणार नाही."

बर्फ काढून देणारी माणसं गावात होती, पण सगळ्यांची घरं आधीच ठरलेली. एकाने हो-नाही करत यायचं कबूल केलं होतं. ते ऐकून मर्लने आपली खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि संध्याकाळपर्यंत तोंड वळवलं नाही. आर्डिसने त्या माणसाला नको म्हणून कळवलं.

राहिला छोटा ट्रॅक्टर. चाकं असलेल्या यंत्रांपैकी हे एकच पहिल्यापासून आर्डिसचं, कारण गवत कापणं हे मर्लला कमीपणाचं वाटायचं. कधीतरी एका लिलावात हौसेने घेतलेलं त्याचं पुढचं पातं शेडमागे पडून होतं, ते तिने धुऊनपुसून लावलं. पण त्या ट्रॅक्टरचे टायर गवतासाठी केलेले, हिरवळ दुखावू नये म्हणून गुळगुळीत. बर्फावर ते नुसते जागच्या जागी फिरले असते. त्याला शेतातल्या मोठ्या ट्रॅक्टरला असतात तसे जाड दातांचे टायर हवेत, एवढं तिला कळत होतं.

टायरच्या दुकानातल्या किथने मागच्या चाकांसाठी दोन टायर काढून दिले आणि म्हणाला, "चढवायचं मात्र आत्ता विचारू नका. बाहेर रांग बघताय ना? अख्ख्या गावाला याच आठवड्यात हिवाळी टायर घालायचेत. चाकं काढून आणून ठेवा, थँक्सगिव्हिंगनंतर बघू."

जो तो थँक्सगिव्हिंगनंतर. जणू त्या सणाला भाजायच्या टर्की कोंबड्याच्या पोटात सगळ्यांनी मिळून अख्खा हिवाळा भरून ठेवला होता. आर्डिसने दोन्ही टायर गाडीच्या मागच्या सीटवर टाकले, दार जरा जोरातच आपटलं आणि घरी आली.

यंत्रांत हात घालायची तिला सवय नव्हती असं म्हणणं पुरेसं नाही. तिला हात घालूच दिला नव्हता कुणी. बाप गाईगुरांवाला, पाच भावांत ती एकटी मुलगी. भाऊ दहा वर्षांचे झाले की ट्रॅक्टरवर बसायचे. आर्डिस शेतावर सँडविचं न्यायची आणि अंधारात काही बिघडलं की दिवा धरून उभी राहायची. दिवा हलला की बाप खेकसायचा. लग्नानंतर बाप बदलून नवरा आला, दिवा तोच. मग शाळेच्या स्वयंपाकघरात तिने तीनशे पोरांचं जेवण रांधलं, तिथली भलीमोठी भांडी उचलली, बिघडलेला ओव्हन लाथ घालून चालू केला. पण घरी आली की गॅरेजमध्ये तिचं काम दिवा धरायचं.

आता गॅरेजमध्ये खुर्चीवर मर्ल बसला होता, मांडीवर घोंगडी, डाव्या हातात दिवा. आणि दिव्याचा उजेड नको तिथे पडत होता.

"मर्ल, चाकावर. छतावर काय आहे?"

"तेच… चाक," मर्ल म्हणाला आणि उजेड तिच्या तोंडावर पाडला.

मागचं चाक अॅक्सलच्या दांड्यावर नुसतं सरकवलेलं असतं, टोकाला एक क्लिप. क्लिप सहज निघाली आणि आर्डिसला वाटलं, यात एवढं काय होतं? मग तिने चाक ओढलं. चाक हललं नाही. दांडा आणि चाक गंजून एकजीव झाले होते. तिने गंज सोडवायचं तेल ओतलं, लाकडाचा ठोकळा लावून हातोडा मारला, पाय लावून ओढलं, पहार घालून उचकलं. हाताचं कातडं सोललं. चाक ढिम्म.

"आठ," मर्ल म्हणाला.

तिने आठ नंबरचा पाना आणून दिला. त्याने मान हलवली. "आठ. आठ."

"आठ वाजायला अजून वेळ आहे. तुला भूक लागली का?"

"नाही! आठ… आठ कर."

"काय करू आठ? आठ काय करतात का?"

मर्लने दिवा खाली ठेवला, खुर्चीवरून वाकला आणि जमिनीवर सांडलेल्या तेलात डाव्या हाताचं बोट बुडवून फरशीवर इंग्रजी आठाचा आकडा काढला. मग त्याच आकड्यावरून बोट पुन्हा पुन्हा फिरवलं, तोंडाने इंजिनाचा आवाज काढत. आर्डिस बघत राहिली. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला.

दुसऱ्या चाकाचीही क्लिप काढून तिने ट्रॅक्टर बाहेर काढला आणि अंगणात आठाच्या आकड्यात फिरवू लागली. एकदा या अंगाने वळायचं, एकदा त्या अंगाने. वळताना चाकावर आडवा दाब येतो. बराच वेळ गरागरा फिरून तिला घेरी यायला लागली. समोरच्या रस्त्याने जाणारी शाळेची बस हळू झाली आणि आतल्या बाईने काळजीने हात केला. शेवटी मागून कर्र असा आवाज आला आणि एक चाक दांड्यावरून बोटभर बाहेर सरकलं, थोड्या वेळाने दुसरंही. मर्ल गॅरेजच्या दारात काठी टेकून उभा होता. तो हसला. एप्रिलनंतर तिने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

पण तेवढंच. पुढचं सगळं पुन्हा डोकेफोडीचं. जुना टायर रिमला असा चिकटलेला की त्यावर फळी टाकून, फळीवर गाडीचं चाक चढवून दाबावं लागलं. नवे टायर थंडीने दगडासारखे कडक. ते तिने आत नेऊन चुलीजवळ ठेवले. घरभर रबराचा वास सुटला, दुपारच्या मिरचीच्या रश्शालाही तोच वास. मुलगी सिरॅक्यूजहून फोनवर म्हणाली, "आई, कुणालातरी पैसे देऊन करून घे ना. तू कशाला?"

"कुणीतरी रानात गेलंय," आर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला.

साबणाचं पाणी लावून, दोन चपट्या सळया घालून पहिला टायर रिमवर बसवताना तिला अक्षरशः रडू आलं. एक बाजू आत ढकलली की दुसरी बाहेर यायची. मर्ल "वर" म्हणायचा तेव्हा खाली करायचं आणि "सोड" म्हणायचा तेव्हा धरायचं, हे तिने दुपारपर्यंत बसवून घेतलं होतं. तो एक शब्द बोलला की ती मनातल्या मनात तो उलटा करायची आणि हात चालवायची. असं करता करता टायर चढला. टायरच्या बाजूवरच्या, फिरायची दिशा दाखवणाऱ्या बाणावर काठी टेकवून तो कुठल्या अंगाने बसवायचा तेही मर्लने आधीच दाखवलं होतं. हवा भरताना कडा नीट बसावी म्हणून वरून पट्टा आवळला, आणि कडा धाडकन बसली तेव्हा दोघंही दचकली. बंदुकीच्या बाराइतका आवाज.

"हरीण पडलं," आर्डिस म्हणाली.

दुसऱ्या चाकाला संध्याकाळ झाली. तिची कंबर मोडून आली होती, बोटं बधिर. आता कृती ठाऊक होती. पहिलं चाक शेजारीच जमिनीवर पडलेलं, त्याच्याकडे बघायचं आणि तसंच करायचं. हवा भरायचं नळकांडं वर, बाण या दिशेला. तिने दुसरा टायर तसाच रिमवर ठेवला.

"उलटं," मर्ल म्हणाला.

म्हणजे बरोबर आहे, तिने मनाशी म्हटलं आणि सळई घातली.

"नाही. उलटं. आर्डी, उलटं लाव."

"बरं, बरं."

"हातमोजा," मर्ल म्हणाला. दिवा थरथरत होता. "ते… हातमोजा. हातमोजा."

थंडी वाजत असेल, तिला वाटलं. ती उठली, खुंटीवरचे त्याचे लोकरीचे हातमोजे आणले आणि लहान मुलाला घालावेत तसे एकेक बोट सरळ करत त्याच्या हातांत घातले.  मग त्याने डाव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला आणि टायरवर भिरकावला.

"आता बास," आर्डिस म्हणाली. "सकाळपासून मी या घाणीत लोळतेय. मी काही हौसेने नाही करत हे. थंडी वाजत असेल तर आत जा, नाहीतर दिवा नीट धर."

मर्लने दिवा फरशीवर ठेवला, काठी घेतली आणि पाय ओढत आत गेला. दार लोटल्याचा आवाज आला. आर्डिसने टायर चढवला, पट्टा आवळला, हवा भरली. दोन्ही चाकं दांड्यांवर सरकवून क्लिपा लावल्या. मग जरा मागे सरकून तिने ट्रॅक्टरकडे पाहिलं. जाड, काळ्या दातांचे दोन टायर. एखाद्या छोट्या कुत्र्याने मोठ्याचे पंजे लावावेत तसं ते दिसत होतं. तिला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि कौतुक सांगायला कुणी नाही म्हणून पुन्हा रागही आला.

त्याच रात्री वारा फिरला. सकाळी खिडकीतून बघते तो अंगणातलं टेबल दिसेनासं झालेलं, कुंपणाच्या खांबांवर पांढऱ्या टोप्या. व्हॅन दुपारी यायची होती. आर्डिसने कॉफीसुद्धा घेतली नाही. टोपी, बूट, दोन स्वेटर चढवून ती गॅरेजमध्ये गेली, ट्रॅक्टर चालू केला, पातं खाली केलं आणि निघाली.

पहिले काही हात झकास गेले. बर्फ पात्यावरून वळत बाजूला पडत होता आणि तिच्या मनात आलं, लव्हर्नने हे बघायला हवं होतं. वाट उतरणीला लागली, बर्फ गुडघ्याला आला आणि ट्रॅक्टर एका अंगाला ओढायला लागला. एक चाक जमीन धरत होतं, दुसरं नुसतं फिरत होतं, दातांमध्ये बर्फ गच्च बसून टायर पांढऱ्या चेंडूसारखा झालेला. तिने मागे घेतला, पुन्हा पुढे घेतला. ट्रॅक्टर तिरपा झाला आणि वाटेच्या कडेच्या चरात मागचं चाक घालून बसला. इंजिन बंद पडलं.

सगळीकडे चिडीचूप. आर्डिस स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. मग तिने तोंडाने असा एक शब्द काढला जो तिच्या आईने ऐकला असता तर साबणाने तिचं तोंड धुतलं असतं. खाली उतरून तिने त्या नव्या टायरला लाथ घातली. मग आणखी एक.

मागून काठीचा आवाज आला. मर्ल घरातल्या अंगरख्यावर कोट चढवून, एका पायात नीट आणि दुसऱ्या पायात अर्धवट बूट घालून वाट उतरत होता. तो पडेल म्हणून ती धावली, पण त्याने हाताने थांब म्हणून खूण केली. ट्रॅक्टरने काढलेल्या दोन चाकोऱ्यांशी तो थांबला आणि काठीने आधी एकीवर, मग दुसरीवर टेकवून दाखवलं.

आर्डिसने पाहिलं. दातांचे ठसे बाणांसारखे उमटले होते. एका चाकोरीतले बाण घराकडे तोंड करून, दुसरीतले रस्त्याकडे.

"हातमोजा," मर्ल म्हणाला. डावा हात वर धरला आणि मग त्या हाताने निर्जीव उजवा हात उचलून शेजारी धरला. अंगठे दोन बाजूंना.

उजव्या हाताचा मोजा डाव्या हाताला चालत नाही. दोन्ही चाकं एकसारखी करून भागत नव्हतं. एक दुसऱ्याच्या उलट हवं होतं. त्याने सांगितलं होतं. काल त्या 'आठ'नंतर एकदाच त्याचा शब्द बरोबर जागी पडला होता, आणि तोच तिने उलटा करून घेतला होता.

"मग नीट सांगायचंस ना," ती म्हणाली. आवाज चढला. "दिवसभर तू वरला खाली म्हणतोस. बंदला चालू म्हणतोस. मी काय तुझ्या डोक्यात शिरून बघू? मला कसं कळणार कुठलं खरं?"

मर्लचा चेहरा लाल झाला होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ती थांबली. खरंतर तिला थांबायचं नव्हतं, पण त्या चरात अडकलेल्या ट्रॅक्टरपाशी दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. बर्फ त्याच्या भुवयांवर जमत होता.

"विचार," तो शेवटी म्हणाला. "मला… परत. विचार. तू नाही विचारत. तू जातेस."

 तो खरं बोलत होता. एप्रिलपासून ती त्याचं वाक्य अर्ध्यावर उचलायची, पुरं करायची आणि कामाला लागायची. त्यात वेळ वाचायचा.

"चल आत," ती म्हणाली. "बूट भिजलाय तुझा."

व्हॅन वाटेच्या तोंडापर्यंत आली, थोडी थांबली आणि वळून गेली. चालकाने लांबूनच हात केला. आर्डिसने खिडकीतून ते पाहिलं आणि सिंकमधली भांडी आदळआपट करत घासली.

लव्हर्न उगवला तो दुपार कलल्यावर, आपल्या भल्यामोठ्या ट्रकमधून, हरणाच्या मांसाचं पुडकं घेऊन. ट्रकला साखळी लावून त्याने छोटा ट्रॅक्टर चरातून काढला, गॅरेजपर्यंत आणला आणि पोट धरून हसला.

"एक टायर येतोय, एक जातोय. आर्डिस, तुला सांगितलं होतं ना थांब म्हणून?"

"सांगितलं होतंस. सप्टेंबरात."

"बरं, सरक. मी करतो दहा मिनिटांत." तो बाह्या वर करत म्हणाला. मर्ल खुर्चीवर येऊन बसत होता. त्याच्याकडे बघून लव्हर्न एकदम मोठ्याने आणि हळूहळू बोलू लागला, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात. "कसं काय, मर्ल? बरं वाटतंय का? छान, छान." आणि आवाज उतरवून आर्डिसला, "त्याला आत ने ना. इथे गारठेल तो."

मर्ल खुर्चीवर घट्ट बसला, काठी टायरवर टेकवून. 

 आर्डिसला लव्हर्नचा राग आला, पण तो एकट्या लव्हर्नचा नव्हता, स्वतःचाही होता. "तो बहिरा नाही," ती म्हणाली. "आणि सरक तूच. तुला काही करायचं असेल तर कॉम्प्रेसर चालू कर आणि तोंड बंद कर."

"अरे वा," लव्हर्न म्हणाला. "मोठी मेकॅनिक झालीस की." पण तो सरकला.

दुसऱ्यांदा काम सोपं गेलं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. गेलं नाही. नवी कडा जुन्यापेक्षा घट्ट बसली होती, फळी दोनदा निसटली, साबणाचं पाणी गोठलं. फरक एवढाच होता की मर्ल काही म्हणाला की आर्डिस हात थांबवून विचारायची, "वर म्हणजे वरच ना?" आणि तो मान हलवायचा किंवा डोळे मिटून शब्द शोधायचा. शोधायला त्याला कधी इतका वेळ लागायचा की लव्हर्न चुळबुळ करत बाहेर सिगारेट ओढून यायचा. आर्डिसचीही चुळबुळ व्हायची. तिच्या हातात सळई, गुडघ्याखाली थंडगार फरशी, आणि हा माणूस एका शब्दासाठी छताकडे बघत बसलेला. दोनदा तिच्या जिभेवर आलं की राहू दे, मी बघते. एकदा तिने ते म्हटलंही, आणि मर्लने काठी आपटली. मग ती पुन्हा थांबली.

टायर उलटा होऊन सुलटा बसला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. लव्हर्नने मांसाचं पुडकं टेबलावर ठेवलं आणि जेवायला थांबतो म्हणाला. आर्डिसने त्याला कांदे चिरायला बसवलं.

त्या हिवाळ्यात ट्रॅक्टर चालला. मागचे टायर बर्फ धरायचे, दात स्वतःच स्वतःला साफ करत फिरायचे, आणि वाट उतरणीलाही मोकळी व्हायची. पुढची चाकं मात्र हलकी. बर्फाखाली निसरडं असलं की आर्डिस स्टिअरिंग एकीकडे फिरवायची आणि ट्रॅक्टर सरळ भलतीकडे जायचा. पुढे वजन म्हणून तिने वाळूच्या पिशव्या बांधल्या, त्या फाटल्या. दर वेळी ती वाट तोंडापर्यंत साफ करून वळायची आणि काउंटीचा ट्रक येऊन त्या तोंडावर कंबरेइतका ढिगारा टाकून जायचा. नव्या चालकाला पातं तिरकं करायचं सुचत नव्हतं. मर्ल खिडकीतून ते बघायचा आणि त्याच्या तोंडून त्या वेळी जे शब्द निघायचे ते मात्र एकही जागा न चुकता बरोबर निघायचे. ते ऐकून बोलायचा सराव घेणारी बाई म्हणाली, हेही सुधारणेचंच लक्षण आहे. आर्डिस म्हणाली, मग तो पुष्कळच सुधारलाय.

व्हॅन येत राहिली. फेब्रुवारीत एक मोठं वादळ झालं आणि दोन खेपा बुडाल्या, तेवढंच.

त्या वादळानंतरच्या सकाळी आर्डिस वाटेच्या मध्यावर होती आणि मर्ल पायरीवर कोट घालून उभा राहून तिला काहीतरी ओरडून सांगत होता. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईना. "गळ्यातलं" असं काहीतरी वाटलं. ती वैतागली. ढिगारा समोर होता, बोटं बधिर झाली होती, आणि अजून निम्मी वाट राहिली होती. तिने इंजिन बंद केलं, उतरली आणि बर्फ तुडवत पायरीपर्यंत गेली.

"गळ्यातलं म्हणजे काय?"

मर्लने डोळे मिटले. ती हात काखेत घालून उभी राहिली.

"टायरला," तो म्हणाला. बराच वेळ गेला. "टायरच्या… गळ्यात. लोखंडाचं."

"बर्फात घसरू नये म्हणून घालतात त्या साखळ्या?"

"साखळ्या," मर्ल म्हणाला. "शेडमध्ये आहेत. मागे."

"कधीपासून?"

तो जरा विचारात पडला. "कायमच्या."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस? फेब्रुवारीत?"

मर्लने खांदा उडवला, एकच, डावा. आर्डिसने शेडकडे पाहिलं. दाराला छातीइतका बर्फ लागला होता. ती फावडं आणायला गेली.